'डॉक्टरीणबाई' कोण?

मराठीत 'डॉक्टरीणबाई' हा शब्द दोघींना चालतो. स्वतः रोगी तपासणाऱ्या बाईंना आणि डॉक्टरांच्या पत्नीलाही. शब्द आपुलकीचा आहे, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु रात्रीचा दिवस करून मिळवलेली पदवी लग्नाने येणाऱ्या मानात विरून जाते, ती अशी.

ही खोड आपल्याच भाषेची आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील मेयो क्लिनिक हे नामांकित रुग्णालय. तेथे व्याख्यान देणाऱ्या डॉक्टरांची ओळख सभेला कशी करून दिली जाते, याची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. ओळख करून देणारा पुरुष असला, की पुरुष वक्त्याच्या नावामागे शंभरात ७२ वेळा पदवी लागली. स्त्री वक्त्याच्या नावामागे केवळ ४९ वेळा. ओळख करून देणारी स्त्री असली, तर ९६ वेळा पदवी लागली, मग वक्ता कोणीही असो. नुसत्या नावाने पुकारणे ही जवळीक आहे असे काहीजण म्हणतील. पण ही जवळीक स्त्रियांच्याच वाट्याला अधिक का यावी?

बढतीचीही तीच गत. शरीरात साखर साठते कशी आणि मोकळी होते कशी, याचा शोध गर्टी कोरी यांनी पती कार्ल यांच्याबरोबर लावला. मधुमेहाने गांजलेल्या आपल्या बेटाला त्याचे मोल सांगायला नको. प्रयोगशाळा एक, काम एक; पण १९३१ साली सेंट लुईस येथे पती विभागप्रमुख झाले आणि गर्टीबाई तुटपुंज्या पगारावर साहाय्यक! प्राध्यापकपद त्यांना १९४७ साली मिळाले. नोबेल पारितोषिकही त्याच वर्षी. १९०१ ते २०२५ पर्यंत वैद्यकाचे हे पारितोषिक २३२ जणांना मिळाले. त्यांत स्त्रिया अवघ्या १४.

आपल्या डॉ. रखमाबाईंचे नाव निघते ते नवऱ्याबरोबरच्या खटल्यासाठी. सुरत आणि राजकोट येथे त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ रोग्यांची सेवा केली, ती किती घरांत ठाऊक आहे?

आज आपल्या घरांतील मुलीही डॉक्टर होत आहेत. म्हणून मंडळांच्या चालकांना आमची विनंती आहे. समारंभाच्या पत्रिकेत 'डॉ. अमुक व सौ. अमुक' असे छापण्यापूर्वी सौभाग्यवतीही डॉक्टर आहेत काय, हे विचारून घ्यावे. आणि त्या मधुमेहाच्या तज्ज्ञ असतील, तर पुष्पगुच्छ देण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे सोपवून व्याख्यान त्यांचे ठेवावे.