आरोग्यविचार : विस्मृति, विषाद आणि हौदांतला उंदीर

एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या सासूबाईंस हल्लीं नातवंडांचीं नांवें आठवत नाहींत. पूजा झाली कीं नाहीं, हें त्या दोनदोनदां विचारतात. विषादावरील गोळ्यांनीं उंदरांची गेलेली स्मृति परत आली, असें या भगिनींच्या वाचनांत आलें. तेव्हां त्या गोळ्या सासूबाईंसाठीं मागाव्या काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

उंदराची स्मृति मोजतात तरी कशी? रिचर्ड मॉरिस यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेली युक्ति मोठी मौजेची आहे. हौदांतलें पाणी दूध घालून गढूळ करावयाचें, पाण्याखालीं एक लहानसा चौथरा दडवावयाचा आणि उंदरास पोहावयास सोडावयाचें. धडधाकट उंदीर भोंवतालच्या खुणा ध्यानांत ठेवून कांहीं फेऱ्यांनंतर नीट चौथरा गांठतो. ज्याची स्मृति बिघडली तो भटकत राहतो.

स्मृति मुद्दाम बिघडविण्याचा एक मार्ग म्हणजे स्कोपोलामाइन. हें द्रव्य आपल्या परिचयाच्या धोतऱ्यांतही असतें. मेंदूंतील ॲसिटिलकोलीन या निरोप्याची वाट तें अडवितें. तरुणांस तें दिलें असतां त्यांची स्मृति वृद्धांसारखी होते, असें ड्रॅकमन व लेविट यांनीं १९७४ सालीं दाखविलें. परंतु ही नशा उतरते; म्हातारपणचा रोग उतरत नाहीं. यासाठींच पुढें रोगकारक मानवी जनुक घातलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या मेंदूंत अल्झायमरच्या रोग्याप्रमाणें ॲमिलॉइड सांचतें.

अशा उंदरांत सेरोटोनिन वाढविणाऱ्या गोळ्यांनीं ॲमिलॉइड घटलें, असें २०११ सालीं दिसलें. २०१४ सालीं निरोगी माणसांत सिटॅलोप्रॅमनें त्याची निर्मिति सुमारें ३७ टक्क्यांनीं मंदावली. आशा अगदींच निराधार नव्हे, हें आम्ही मान्य करतों.

पण रोग्यांचें काय झालें? २०११ सालींच इंग्लंडांत अल्झायमर व विषाद दोन्ही असलेल्या ३२६ रोग्यांवर सर्ट्रालीन व मिर्टाझापीन यांची परीक्षा झाली. नुसत्या दिखाऊ गोळीहून विषादांत अधिक गुण आला नाहीं. त्रास मात्र अधिक झाला. २०१४ सालच्या दुसऱ्या परीक्षेंत सिटॅलोप्रॅमनें रोग्यांची अस्वस्थता कमी झाली खरी, पण बुद्धीची परीक्षा किंचित् ढासळली आणि हृदयाच्या तालांतही दोष दिसला. हौदांतला उंदीर आणि आपल्या सासूबाई यांत अंतर आहे, तें असें.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. ॲमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्या स्वतःच ॲसिटिलकोलीनची वाट अडवितात. म्हणजे ज्या रीतीनें प्रयोगशाळेंत उंदरास भुलवितात, तीच ही रीत! झोंपेसाठीं, नसांच्या दुखण्यासाठीं त्या कित्येक घरांत चालूं असतात, आणि विषादाचें औषध म्हणून कोणी त्यांकडे पाहतही नाहीं. उलटपक्षीं, वृद्धपणीं खुद्द विषादानेंही स्मृति मंदावते. तेथें योग्य गोळी टाळणें हेंही अहितच.

म्हणून आम्ही भगिनींस कळविलें कीं, नवी गोळी मागण्यापूर्वीं चालूं गोळ्यांचा सगळा डबा डॉक्टरांपुढें ठेवा. आपल्या मनानें एकही एकाएकीं बंद करूं नका. त्यांचें उत्तर कालच आलें. डब्यांत ॲमिट्रिप्टिलीन निघाली. दोन वर्षांपूर्वीं पायांच्या जळजळीसाठीं सुरू झालेली. डॉक्टरांनीं ती हळूहळू उतरवावयास घेतली आहे. फरक पडतो कीं नाहीं, हें कळावयास अजून कांहीं आठवडे लागतील.