पॅलेस्टाईन : प्रश्न धर्माचा नव्हे, जमिनीचा

पॅलेस्टाईनचा विषय निघाला की दोन उत्तरे ठरलेली असतात. हे ज्यू आणि मुसलमान यांचे हजारो वर्षांचे वैर आहे, हे एक. आणि ज्यूंनी ती जमीन रोख पैसे मोजून विकत घेतली, हे दुसरे. जातीयवाद्यांच्या तोंडी ही उत्तरे शोभतात. परंतु समाजवादी म्हणवणारेही ती उच्चारू लागतात, तेव्हा ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा त्यांनी केवळ घसा मोकळा करण्यासाठी दिली होती काय, असे विचारणे भाग पडते.

पहिल्या उत्तराचा समाचार थोडक्यात घेता येईल. साठ लाख ज्यूंचा संहार जर्मनीच्या नाझींनी केला. त्यापूर्वीच्या कत्तली झारशाही रशियात झाल्या. हे पाप युरोपचे होते. त्याचे प्रायश्चित्त मात्र पॅलेस्टाईनच्या शेतकऱ्याने आपली जमीन देऊन घ्यावे असे ठरले, आणि ते ठरविणाऱ्यांत त्या शेतकऱ्याला कोणीही विचारले नाही. १९१७ साली बाल्फोर यांनी जो देश देऊ केला, तो तेव्हा ब्रिटनचाही नव्हता.

दुसरे उत्तर अधिक फसवे आहे. १८५८ साली तुर्की साम्राज्याने जमिनीचा नवा कायदा करून मालकीची नोंद सुरू केली. नोंद म्हणजे सारा आणि लष्करभरती, हे ओळखून पुष्कळ शेतकऱ्यांनी ती टाळली; शहरांतील व्यापारी व सावकारांनी आपली नावे चढविली. कागदावर एकाचे नाव आणि नांगरावर दुसऱ्याचा हात, हा प्रकार महाराष्ट्रातील कुळांना निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. मर्ज इब्न आमीरच्या सुपीक खोऱ्यातील विस्तीर्ण जमिनी अशाच रीतीने बैरूतच्या सुरसुक घराण्याकडे गेल्या होत्या. १९२० नंतरच्या काही वर्षांत त्या ज्यू संस्थांना विकल्या गेल्या. विकणारा बैरूतला, घेणारा युरोपातून आलेला, आणि गाव सोडून गेले ते कूळ. कायद्याच्या दृष्टीने व्यवहार चोख होता. खोतीचे व्यवहारही चोखच होते!

१९०१ साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीचा नियम असा की, एकदा घेतलेली जमीन पुन्हा विकावयाची नाही. १९३० साली ब्रिटिश सरकारनेच चौकशीस पाठविलेल्या होप सिम्पसन यांनी नोंदविले की, अशा जमिनीवर अरबाला ना कूळ म्हणून स्थान उरते, ना मजूर म्हणून. साधा जमीनदार बदलला तर कुळाला निदान नवा मालक मिळतो. येथे त्याच्या पायाखालची जमीनच बाजारातून कायमची नाहीशी झाली. १९३६ ते १९३९ च्या अरब उठावात खेड्यांतील शेतकरी पुढे होते, यामागे हे अर्थकारण आहे.

एवढे होऊनही १९४७ साली ज्यूंच्या मालकीची जमीन एकूण क्षेत्राच्या सुमारे सात टक्केच होती. लोकसंख्येत ते एक तृतीयांश होते. संयुक्त राष्ट्रांनी मात्र निम्म्याहून अधिक भूमी ज्यू राज्याला दिली. म्हणजे ‘विकत घेतली’ हा युक्तिवाद जास्तीत जास्त त्या सात टक्क्यांपुरता आहे. उरलेली जमीन युद्धाने आणि कायद्याने घेतली गेली. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी निर्वासित झाले, चारशेहून अधिक गावे ओस पडली. निर्वासितांना परतू द्यावे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांनी त्याच डिसेंबरात केला. इस्रायलने १९५० साली ‘गैरहजरांच्या मालमत्तेचा’ कायदा करून त्यांची घरेदारे सरकारी ताब्यात घेतली. जे जीव वाचविण्यासाठी शेजारच्या गावी गेले आणि देशातच राहिले, तेही गैरहजर ठरले. हजर असून गैरहजर! माणसाला बंदुकीने हाकलावे आणि मग तो जागेवर नाही म्हणून त्याची जमीन घ्यावी, अशी ही न्यायाची रीत होती.

येथे समाजवाद्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. १९५३ साली रंगूनला भरलेल्या आशियाई समाजवादी परिषदेत इस्रायलचा मापाई पक्ष होता. किबुत्झमधील सामुदायिक मालकीने भारतातील अनेक समाजवादी भारावले. सामुदायिक शेती खरीच होती. पण ती कोणाच्या जमिनीवर, हा समाजवाद्याचा पहिला प्रश्न विचारायचा राहून गेला. ३० मार्च १९७६ रोजी गॅलिलीतील जमीन संपादनाविरुद्ध अरबांनी संप केला आणि सहा जण मारले गेले. ते इस्रायलचेच नागरिक होते आणि सत्तेवर मजूर पक्ष होता. तोच दिवस पॅलेस्टिनी ‘भूमिदिन’ म्हणून पाळतात.

१९६७ नंतर पश्चिम किनाऱ्यावर त्याच खेळाची पुनरावृत्ती झाली. १९७९ साली खाजगी जमिनीवर वसाहत बसविण्यास इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, तेव्हा सरकारने १८५८ चा तुर्की कायदा पुन्हा बाहेर काढला : पडीक राहिलेली जमीन सरकारची! १९९० च्या दशकातील ओस्लो करारांनीही पश्चिम किनाऱ्याचा सुमारे साठ टक्के भाग इस्रायलच्या पूर्ण ताब्यात ठेवला.

अरब राज्यकर्त्यांनाही येथे निर्दोष ठरविता येणार नाही. जॉर्डनने १९५० साली पश्चिम किनारा गिळला आणि १९७० साली पॅलेस्टिनी संघटनांवर रणगाडे घातले. तसेच ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेली नागरिकांची कत्तल कोणत्याही मुक्तिलढ्याच्या नावाने समर्थनीय ठरत नाही. परंतु त्यानंतर गाझात हजारो बालकांसह जी अनेक दशसहस्र माणसे मारली गेली, त्यांतील बहुतेक १९४८ च्या निर्वासितांची मुले-नातवंडे होती, हे विसरून चालणार नाही.

१९४७ साली भारताने फाळणीच्या विरोधात मत दिले. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबा बेकायदेशीर असल्याचे मत दिले. तो संपविण्याची मागणी करणाऱ्या सप्टेंबरमधील ठरावावर मात्र भारत तटस्थ राहिला. कूळ आणि त्याला हाकलणारा यांच्यामधील तटस्थता कोणाच्या पथ्यावर पडते, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. बळकावलेली जमीन सोडणे, निर्वासितांना परतीचा वा भरपाईचा हक्क आणि त्या भूमीवर राहणाऱ्या ज्यू व अरब दोघांनाही समान नागरिकत्व, एवढीच ही मागणी आहे. कुळाची बाजू घेणाऱ्याने कुळाचा धर्म विचारावयाचा नसतो.