दिवाणखान्यातले स्पीकर आणि मराठी शब्द

उंची स्पीकरांचा विषय साहित्यचर्चेत आणावा का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्हांला तो आणावासा वाटतो, कारण ज्या मराठीचा आपण अभ्यास करतो तिचा मोठा भाग कानांनी घ्यायचा आहे. कीर्तन, नाट्यपद, भावगीत, काव्यवाचन, कथाकथन यांतले जे आपल्या जन्माआधीचे किंवा आपल्या गावापासून दूरचे, ते आपल्यापर्यंत ध्वनिमुद्रणातूनच येते. आणि त्या ध्वनिमुद्रणाचा शेवटचा अर्थ लावतो तो घरातला स्पीकर. म्हणून जुनी जोडी बदलताना आपण कशाला महत्त्व देतो, हा अभिरुचीचा प्रश्न ठरतो. आमचे मत आरंभीच सांगतो: लहान खोलीसाठी स्पीकर निवडताना पहिली कसोटी मानवी आवाजाची, त्यातही बोललेल्या शब्दाची असावी. आकार, खर्ज आणि वॉट यांचा विचार त्यानंतर करावा.

तत्पूर्वी एक व्यावहारिक सूचना. जुन्या स्पीकरमध्ये पुष्कळदा प्रथम कुजते ती शंकूभोवतीची फोमची कड. ती तुटली की आवाज फाटतो आणि मालक सगळा संचच निकामी समजतो. जाणता कारागीर ही कड बदलून देऊ शकतो. मात्र दुरुस्ती दोन्ही बाजूंची एकदमच करावी. दोन बाजू एकसारख्या नसतील तर मधोमध उभा राहायला हवा तो गायक एका बाजूला सरकतो.

आता खोली. शिरूर किंवा दौंडच्या सोसायट्यांमधला दिवाणखाना १० बाय १२ फुटांचा असला तरी पुष्कळ. भिंती प्लास्टरच्या, जमीन गुळगुळीत फरशीची, छत सिमेंटचे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आणि १२ फुटांवरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमतो. त्यांच्या दुपटीचे, ११२ आणि ९४ हर्ट्झचे, घुमारेही उठतात. छतही १० फुटांवर असेल तर एकच घुमारा दोन दिशांनी बळावतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणपणे ८५ ते १८० हर्ट्झ असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अडचण कळते. खोली वक्त्याच्या आवाजात आपला आवाज मिसळते. अशा खोलीत पुरुषभर उंचीचे, खोल खर्जाचे स्पीकर आणून ठेवले, तर त्यांची किंमत कितीही असो, ते त्या घुमाऱ्यालाच खतपाणी घालतात.

मोठ्या ताकदीचीही तेथे गरज नसते. ऐकणारा सहा-सात फुटांवर बसतो. एका वॉटला एक मीटरवर ८३ डेसिबल देणारा स्पीकर बाजारात कमी क्षमतेचा समजला जातो. पण तोही त्या अंतरावर एका वॉटमध्ये नेहमीच्या संभाषणाहून मोठा आवाज देतो.

भाषेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा याच्या पुढचा आहे. ‘ल’ आणि ‘ळ’, ‘न’ आणि ‘ण’ यांतला फरक कानाला बऱ्याच अंशी २००० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात कळतो. दोन पडद्यांच्या बहुतेक स्पीकरांत वूफर आणि ट्वीटर यांची हद्द, म्हणजेच क्रॉसओव्हर, नेमकी याच सुमारास येते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर तेथे दोन आवाजांचा संधी होतो. तो नीट झाला नसेल तर खर्ज भरदार, तार सप्तक चकचकीत आणि मधला ‘ळ’ मात्र धूसर, अशी अवस्था होते. गाणे ‘छान वाजते’, पण शब्द अंदाजाने ओळखावा लागतो. वृत्त आणि उच्चार शिकवणाऱ्याला हे चालणार नाही.

या कसोटीला इतिहासात भक्कम आधार आहे. १९७०च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या चिंचोळ्या जागेसाठी एलएस३/५ए हा स्पीकर तयार केला. सुमारे १२ इंच उंचीची बंद पेटी आणि दोन पडदे, एवढाच त्याचा संसार. संशोधन विभागात प्रत्यक्ष माणसाचे बोलणे आणि स्पीकरमधून येणारे बोलणे यांची तुलना करून परीक्षा करण्याची परंपरा होती. परिचित आवाजातली लबाडी कानाला चटकन कळते, हे तिच्यामागचे सूत्र. या स्पीकरच्या आवृत्त्या आजही काही ब्रिटिश कंपन्या बनवतात आणि जोडीची किंमत लाखांत जाते. सर्वांनी तोच घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. उंची असणे म्हणजे उंच असणे नव्हे, एवढेच त्यावरून शिकायचे.

आपल्याकडचा दाखला तर घरोघरचा आहे. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर प्रसारित झाले. ती ५६ गीते महाराष्ट्राने रेडिओच्या एकाच स्पीकरवर ऐकली आणि पाठ केली. त्या स्पीकरला खर्ज नव्हता, विस्तार नव्हता. पण मधला पट्टा, जेथे शब्द राहतो, तो शाबूत होता. आजच्या महाग स्पीकरने त्यात भर घालावी, मूळ गमावू नये.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्याची खरी अडचण निवडीची आहे. ऐकून पाहण्यासाठी पुण्याला जावे लागते, आणि तेथली दालने प्रशस्त, गालिचे अंथरलेली असतात. तेथला आवाज आपल्या खोलीत येत नाही. मग आधार उरतो तो परीक्षणांचा. ‘उबदार’, ‘पारदर्शक’, ‘हवेशीर’ ही त्यांतली विशेषणे वाचताना समीक्षेच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटावे; कवितेविषयी काहीच सांगायचे नसते तेव्हा आपणही अशीच विशेषणे वापरतो. त्यापेक्षा ओळखीची ध्वनिमुद्रणे बरोबर न्यावीत. पु. लं.चे कथाकथन लावावे: एकाच गळ्यातून निघणारी निरनिराळी माणसे वेगळी कळतात का? बापट, विंदा, पाडगावकर यांचे काव्यवाचन लावावे: ओळीच्या शेवटचा श्वास आणि विराम ऐकू येतो का? अब्दुल करीम खाँ यांची ७८ फेऱ्यांची तबकडी लावावी: खरखर पुढे येते की स्वर? आणि शक्य असेल तर विकत घेण्यापूर्वी जोडी दोन दिवस घरी मागावी. घरी स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे, ट्वीटर कानाच्या उंचीला ठेवावा. जमिनीवर जाड सतरंजी असावी. लहानमोठ्या पुस्तकांनी भरलेले कपाट ध्वनी विखुरते, ही तर आपल्या व्यवसायाने दिलेली सोयच आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लहान स्पीकरमध्ये पखवाजाचे वजन, तंबोऱ्याच्या खर्जाची खोली कमी होते. हे खरे आहे. भजनी मंडळात पखवाज छातीवर ऐकलेल्याला ती उणीव जाणवेल. पण लहान खोलीत दोन्ही मिळत नाहीत, आणि निवडायचेच असेल तर आम्ही अभंगाचा शब्द निवडू. पखवाजाचे वजन कान आठवणीने थोडेफार भरून काढतो. न ऐकू आलेला शब्द मात्र, तो आधी ठाऊक नसेल तर, कायमचा जातो.

सार्वजनिक ध्वनीने आपल्या अपेक्षा बिघडवल्या आहेत, हेही नोंदवायला हवे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतली डीजेची भिंत तिला जुमानत नाही. त्या भिंतीसमोर वाढलेल्या पिढीला आवाज म्हणजे धक्का असेच वाटू लागले, तर दोष पिढीचा नाही. तिला वेगळा आवाज ऐकवण्याची जागा मात्र आता उरली आहे ती वर्ग आणि घर. शिक्षकाने दिवाणखान्यासाठी स्पीकर निवडताना हेही एक कारण मनात धरावे: घरी आलेल्या विद्यार्थ्याला त्यातून ‘ळ’ स्वच्छ ऐकू आला पाहिजे.