हेडफोन घेताय? आधी तास मोजा, मग किंमत बघा

गेल्या महिन्यात रात्रपाळी संपवून घरी आलो, दिवा मालवला आणि कानात बारीक ‘कींऽऽ’ असा आवाज येऊ लागला. आधी वाटलं, फ्रीजचा असेल. फ्रीज बंद केला, तरी आवाज चालूच. सकाळी तो थांबला, पण मी तडक कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. हेडफोन कुठल्या कंपनीचा, आवाज किती ठेवतोस, असं विचारतील म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘दिवसाला किती तास घालतोस?’’

मग हिशेब केला. डिजिटल डेस्कवर भाषणांची रेकॉर्डिंग ऐकून बातमी उतरवायची, व्हिडिओ कापायचे, सबटायटल जुळवायची. यात सहा तास सहज जातात. जाता-येता लोकलमध्ये दोन तास. सहा दिवसांचा आठवडा धरला तर झाले ४८ तास. इंजिनीअरिंगला डेसिबलची गणितं मार्कांसाठी सोडवली होती, स्वतःच्या कानांसाठी कधी मांडली नव्हती.

आपल्याकडे हेडफोनची चर्चा बास, ड्रायव्हरचे मिलिमीटर, बॅटरी आणि सेलमधली सूट यांभोवतीच फिरते. माझं मत असं की, रोज चार-पाच तास ऐकणाऱ्याने हेडफोन चपलेसारखा निवडावा. मापाला बसतो का आणि दिवसभर घातला तर चावतो का, हे आधी बघावं. बाकीचं सगळं नंतर. आराम म्हणजे चैन असं वाटत असेल, तर पुढचं गणित वाचा.

तासांचं गणित काय सांगतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित मानलं जातं. लहान मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. डेसिबलचं माप सरळ रेषेत वाढत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास. ९० डेसिबलला उरतात फक्त ४ तास, तेही अख्ख्या आठवड्याचे. १०० डेसिबलला तर जेमतेम २०-२५ मिनिटं.

प्रत्येक कानात आतल्या बाजूला साधारण १५ हजार केसपेशी असतात. ध्वनीचं रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात त्याच करतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. असुरक्षित पद्धतीने ऐकण्यामुळे १२ ते ३५ वयोगटातल्या १ अब्जाहून अधिक जणांच्या श्रवणशक्तीला धोका असल्याचं ही संघटना सांगते, ते उगाच नाही.

आरामाचा आणि आवाजाचा संबंध कसा?

हेडफोन कानावर नीट बसला नाही की फटीतून बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आतला बास बाहेर जातो. मग आपला अंगठा आपसूक व्हॉल्यूमकडे वळतो. घट्ट हेडफोन दुखतो म्हणून आपण तो थोडा मागे सरकवतो, तेव्हाही हेच होतं. याउलट कान व्यवस्थित झाकला गेला, तर त्याच गोंगाटात कमी आवाजावर शब्द स्पष्ट कळतात. चांगल्या मापाचा खरा फायदा हा आहे.

इअरबड, ऑन-इअर की ओव्हर-इअर?

इअरबड खिशात मावतात आणि फोन कॉलपुरते सोयीचे असतात. पण रबरी टिप तासन् तास कानात राहिली की आत घाम साचतो. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत कानाला बुरशीचा संसर्ग होण्याचं प्रमाण मुळातच जास्त, त्यात ही भर. इअरबड वापरणार असाल, तर डब्यात मिळणाऱ्या तिन्ही मापांच्या टिप्स लावून बघा. दोन्ही कानांना एकच माप बसेल असं नाही.

ऑन-इअर हलके असतात, पण त्यांचा दाब थेट कानाच्या पाळीवर येतो. तासाभराने कान तापतो आणि ठणकतो. ओव्हर-इअरमध्ये कुशन कानाभोवती टेकतं आणि दाब डोक्याच्या हाडावर वाटला जातो. टेबलाशी बसून लांब ऐकायचं असेल, तर माझा कौल ओव्हर-इअरला.

घेताना काय तपासायचं?

माप : प्रौढ माणसाचा कान साधारण ६ ते ७ सेंटीमीटर उंच असतो. घरात पट्टी घेऊन आपला मोजा आणि कुशनच्या आतली जागा त्याहून मोठी आहे ना, हे बघा. ‘ओव्हर-इअर’ म्हणून विकले जाणारे कितीतरी हेडफोन प्रत्यक्षात कानावरच टेकतात. कानाचं टोक आतल्या जाळीला घासत असेल, तरी तो नको.

वजन : किंमत वाढली की आराम वाढतो, हा गैरसमज आहे. अ‍ॅपलच्या एअरपॉड्स मॅक्सचं वजन ३८४ ग्रॅमच्या पुढे आहे, सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५चं २५० ग्रॅम, तर त्याहून बऱ्याच स्वस्त सीएच७२०एनचं १९२ ग्रॅम. दुकानातल्या दोन मिनिटांत हा फरक जाणवत नाही, सहाव्या तासाला मानेला कळतो.

चष्मा : चष्मा असेल तर तो घालूनच ट्रायल घ्या. काडीवर दाब आला की अर्ध्या तासात कानशिलं दुखतात, शिवाय काडीजवळ फट राहते ती वेगळीच.

कुशन : रेक्झीनसारखं आवरण बाहेरचा आवाज चांगला अडवतं, पण त्यात घाम येतो आणि कालांतराने पापुद्रे सुटतात. कापडी कुशनला हवा लागते, पण आवाज तितका अडत नाही. कुठलंही घ्या, पण ते बदलता येतं का आणि सुटं मिळतं का, हे आधी विचारा.

वेळ : ऑनलाइन मागवलात तर परत करण्याची मुदत आणि अटी आधी वाचा. आल्यादिवशीच सलग दोन तास घालून बसा. रिव्ह्यू लिहिणाऱ्याचं डोकं तुमच्या मापाचं नसतं.

नॉइज कॅन्सलेशन हवंच का?

बाहेरचा आवाज माइकने टिपायचा आणि त्याच्या नेमकी उलटी लहर सोडून तो पुसायचा, हे यामागचं तंत्र. अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात त्याची कल्पना सुचली. बस, लोकल, एसी यांची एकसुरी घरघर ते छान कमी करतं. शेजारच्या सीटवरच्या गप्पा मात्र पूर्ण जात नाहीत. रोजचा प्रवास मोठा असेल, तर यासाठी पैसे मोजावेत, कारण व्हॉल्यूम खाली ठेवता येतो. शांत खोलीत काम करणाऱ्याने तेच पैसे चांगल्या कुशनवर घालवावेत. काहींना हे चालू केल्यावर कानात दडा बसल्यासारखं वाटतं, तेही तपासून घ्या. आणि रस्ता किंवा रूळ ओलांडताना कुठलाच हेडफोन कानावर नको.

ऑफिसचं काय?

कॉल सेंटर, ट्रान्सक्रिप्शन, ऑनलाइन शिकवण्या, न्यूजरूम अशा ठिकाणी हेडफोन हे कामाचं हत्यार आहे. ऑफिस खुर्ची देतं, मॉनिटर देतं. हेडफोन मात्र ज्याचा त्याने आणायचा, नाहीतर तीन पाळ्यांत मिळून एक. हे बदलायला हवं. दिवसभर ऐकण्याचं काम देणाऱ्याने मापाचा हेडसेट, प्रत्येकाला स्वतंत्र कुशन आणि तासाला पाच-दहा मिनिटं कान मोकळे ठेवण्याची मुभा द्यावी. पाठीची काळजी घेणारी खुर्ची मागताना आपण लाजत नाही, मग हे मागताना का लाजावं?

मी काय केलं?

सेलमध्ये घेतलेला जड हेडफोन भावाला देऊन टाकला. तो दिवसाला अर्धा तास गाणी ऐकतो, त्याला तो पुरे. डेस्कसाठी हलका, चष्म्यावर न टोचणारा ओव्हर-इअर घेतला. पण त्यातही एक धोका लक्षात आला. आरामदायी हेडफोन डोक्यावर आहे हेच विसरायला होतं आणि तास वाढतात. म्हणून फोनवर ५० मिनिटांचा गजर लावला. आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये हेडफोनच्या आवाजाची नोंद राहते, ती आठवड्यातून एकदा बघतो. लोकलमधून परतताना हेडफोन बॅगेत असतो. पहिले चार दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. आता आठवड्याचे तास ४८ वरून ३४ वर आलेत आणि रात्री दिवा मालवल्यावर फक्त फ्रीज ऐकू येतो.