डोंगरातला मुक्काम आणि मच्छरदाणी

श्रावणी पौर्णिमा जवळ आली की आपल्या जिल्ह्यातून माहूरच्या परिक्रमेला निघणाऱ्यांची लगबग सुरू होते. पैनगंगा ओलांडायची, डोंगरवाटा पायी तुडवायच्या आणि थकवा आला की जागा मिळेल तिथे अंग टाकायचे. अलीकडे तंबू घेऊन डोंगरात रात्र काढण्याची हौस तरुण मंडळींनाही लागली आहे. चालणे प्रकृतीला उत्तमच. प्रश्न आहे तो रात्रीच्या झोपेचा.

जंगलातली रात्र म्हटली की आपल्याला आधी वाघ आठवतो. राळेगाव-पांढरकवडा भागात २०१८ सालापर्यंत 'अवनी' वाघिणीची जी दहशत होती, ती कोण विसरेल? पण जमिनीवर झोपणाऱ्याने अधिक धास्ती घ्यावी ती मण्यार सापाची. हा साप रात्री फिरतो, पावसाळ्यात अधिक दिसतो आणि अंथरुणातही शिरतो. त्याचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही. खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. 'काल जागरण झाले, जेवण बाधले' असे म्हणून घरचे ओवा देतात आणि इकडे श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे.

यावर उपाय साधा आहे. नेपाळच्या तराईतील, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे आढळले. मात्र तिच्या कडा अंथरुणाखाली सगळीकडून नीट खोचल्या पाहिजेत. तंबूची चेनही पूर्ण लावावी. लघवीला उठताना आधी बॅटरी लावावी आणि बूट झटकूनच पायात घालावेत.

शंका आली तर सकाळची वाट पाहू नये. रोग्याला चालवू नये. जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. हातपाय स्थिर ठेवून त्याला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सर्पविषावरची लस तिथेच मिळते आणि श्वास अडलाच तर कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात वेळेवर हलवता येते. मांत्रिकाकडे गेलेला तासभर जिवावर बेतू शकतो.

वाटसरूंना चहा, केळी, फराळ देणारे दाते आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या सेवेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण पोट भरलेला भाविक रात्री उघड्या जमिनीवरच निजणार असेल, तर ती सेवा अर्धीच राहिली, असे आमचे स्पष्ट मत आहे. मंडळांनी यंदा फराळाच्या खर्चातून थोडा भाग वेगळा काढावा. चार बाजा, वीस मच्छरदाण्या आणि रात्रभर जळणारा एक दिवा, एवढी सोय मुक्कामाच्या जागी करावी. मच्छरदाणी धुऊन ठेवली की पुढच्या वर्षीही उपयोगी पडते.