वर्गात चालते, यूट्यूबवर नाही

पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला की धडा पडद्यावर उलगडतो, हे आज राज्यातल्या मुलांच्या अंगवळणी पडले आहे. त्याची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले आणि कितीतरी गुरुजी-बाई स्वतःचे व्हिडिओ, पीडीएफ, स्वाध्यायपत्रिका करू लागले. आता या साहित्यातल्या चित्रांकडेही पाहायला हवे.

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्याच नान्नजच्या माळढोक पक्ष्यावर पाठ करायचा आहे. गुगलवर नाव टाकायचे, चांगला फोटो निवडायचा, कोपऱ्यातले छायाचित्रकाराचे नाव कातरायचे आणि पीपीटीत चिकटवायचा. माळरानावर उन्हात तासन्‌तास दबा धरून बसल्याशिवाय हा पक्षी कॅमेऱ्यात येत नाही. त्या माणसाचे नाव कातरणे हा त्याच्यावर उघड अन्याय आहे, आणि कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ श्रेयाचा हा हक्क मान्य करते.

हाच कायदा शिक्षकांशी मात्र उदार आहे. १९५७ च्या या कायद्यातल्या कलम ५२ नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल, तसेच प्रश्नपत्रिकेतला वापर, उल्लंघन ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिजसारखे प्रकाशक कोर्टात गेले, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही या सवलतीचा अर्थ चार भिंतींपुरता आक्रसू दिला नाही. त्यामुळे वर्गात चित्र दाखवणाऱ्या बाईंनी घाबरण्याचे कारण नाही.

पण तीच पीपीटी यूट्यूबवर चढली, तालुकाभरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली किंवा कुणी तिची पुस्तिका छापून विकली, की ती निव्वळ वर्गातली नक्कल राहत नाही. तिथे या सवलतीच्या भरवशावर राहणे धोक्याचे. चित्र नेटवर सापडले म्हणून ते फुकट होत नाही. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रे आता सर्वांची आहेत. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन २०११ मध्ये गेले. कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो, म्हणजे त्यांच्या चित्रांना २०७१ अखेरपर्यंत परवानगी लागेल.

यातून वाट आहे, आणि ती सोलापुरातूनच निघू शकते. भुईकोट किल्ला, मंगळवेढ्याची ज्वारी, मागावरची चादर यांचे फोटो शिक्षक स्वतः काढू शकतात. चौकातल्या पुतळ्याचा स्वतः काढलेला फोटो छापायलाही कायद्याची आडकाठी नाही. हे फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने विकिमीडिया कॉमन्सवर ठेवले, तर गडचिरोलीतल्या शाळेलाही नाव देऊन बिनधास्त वापरता येतील.

खरी जबाबदारी मात्र बालभारतीची, म्हणजे राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची आहे. १९६७ पासून किती उत्तम चित्रकारांनी तिची पाने सजवली! पुस्तकाच्या सुरुवातीलाच लेखी परवानगीची अट छापलेली असते. खासगी क्लासवाल्यांसाठी ती जरूर राहावी. पण सार्वजनिक संस्थेने करून घेतलेली चित्रे सरकारी शाळेतल्या शिक्षकाला अर्ज न करता वापरता आली पाहिजेत. चित्रकाराला योग्य मोबदला देऊन, करारातच खुल्या परवान्याचे कलम घालून आणि प्रत्येक चित्राखाली त्याचे नाव छापून हे नव्या पुस्तकांपासून सुरू करता येईल. जुन्या चित्रांचे हक्क कुणाकडे आहेत, याची यादीही मंडळाने आताच करायला घ्यावी.