चेहरा दिसतो, कान राहून जातो

दहा वर्षांचा ऑगी थेट पाचवीत पहिल्यांदा शाळेची पायरी चढतो. तोवर त्याच्यावर २७ शस्त्रक्रिया झालेल्या असतात आणि अभ्यास आईने घरीच घेतलेला असतो. आर. जे. पलासिओ यांच्या ‘वंडर’ या २०१२ च्या कादंबरीतला हा न्यूयॉर्कचा मुलगा. त्याला हात लागला तर रोग होईल, असा खेळ वर्गातली मुले सुरू करतात. मुख्याध्यापकांनी सोबतीसाठी निवडलेल्या तीन मुलांपैकीच एक पुढे या छळाचा म्होरक्या होतो.

कादंबरीवर बोलणारे बहुतेक जण दयाळूपणावर बोलतात. वर्षअखेरीस ऑगीला पदक मिळते, सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते. हा शेवट जरा जास्तच गोड आहे. इतर मुलांना शाळेत नुसते बसायला मिळते. याने मात्र आधी धैर्याचे पदक कमवावे की काय?

कादंबरीतला अधिक उपयोगी भाग फारसा चर्चेत येत नाही. ऑगीला कमी ऐकू येत असते. तो श्रवणयंत्र टाळत राहतो, कारण चेहऱ्याकडे आधीच सगळे बघतात, त्यात आणखी भर कशाला? अखेर यंत्र लागते आणि वर्गात कोणी त्याची फारशी दखलही घेत नाही.

ऑगीचे वर्णन ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोमशी जुळते. साधारण ५० हजार जन्मांमागे एका बाळात आढळणाऱ्या या विकारात गालाची हाडे, जबडा आणि कान यांची वाढ अपुरी राहते. बुद्धी सहसा इतरांसारखीच असते. मात्र बाहेरचा व मधला कान नीट न घडल्याने सुमारे निम्म्या मुलांना कमी ऐकू येते. आतला कान बहुधा शाबूत असल्याने कवटीच्या हाडातून ध्वनी पोहोचवणारे यंत्र कामी येते. पट्ट्यावर बसवून ते तान्ह्या बाळालाही लावता येते. ते वेळेत लागले नाही, तर बोलणे मागे पडते. मग चेहरा पाहून आणि उत्तर न मिळाल्याने शिक्षक त्या मुलाला ‘मंद’ ठरवून मोकळे होतात.

आपल्याकडे याहून कितीतरी अधिक दिसतात ती दुभंगलेल्या ओठांची वा टाळूची मुले. टाळू दुभंगली असेल तर मधल्या कानात द्रव साचून ऐकणे मंदावते. पण कान तपासण्याआधी घरात चौकशी होते ती आईने ग्रहणात काय चिरले याची. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. ट्रेचर कॉलिन्समध्येही निम्म्याहून अधिक वेळा जनुकातला बदल बाळातच नव्याने झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत जाणाऱ्या त्याच्या पथकांच्या तपासणी यादीत दुभंगलेले ओठ-टाळूही आहेत आणि जन्मजात बहिरेपणाही. ओठ शिवून झाला म्हणून पालकांनी कानाची तपासणी टाळू नये. शाळेने अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे आणि शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. याला पैसा लागत नाही.